अक्षर केवढं काढू

ये मुझम्मिल, आत ये. दार लोटून घे,
गिब्ली सुटलाय, ओल्या रंगावर वाळू बसते.
चादर किती हातांची आणलीस?
खार्तूमला पाठवायची म्हणतोस, आणि वर लिहायचं,
‘जगा, आमच्याकडे बघ.’
लिहीन की. धंदाच आहे माझा.
फक्त एवढं सांग,
अक्षर केवढं काढू?
समोरच्या फुटपाथवरून वाचता येईल एवढं,
की आभाळातून?

हसू नकोस.
मी दोन्ही मापांची काढलीत.

त्या फेब्रुवारीत, इथेच बेनगाझीत, कोर्टासमोर
गालियाच्या लग्नातली चादर फरशीवर पसरून
मी निळ्या रंगात लिहिलं होतं:
‘ला. बाहेरच्यांनी यात पडू नये. आमचं आम्ही बघू.’
‘ला’ म्हणजे नाही.
तो काढताना हात जरासुद्धा हलला नव्हता.

महिन्याभरात रणगाडे पश्चिमेच्या पुलाशी आले.
रात्रभर आम्ही न्हाणीघरात बसलो,
तिथे खिडकी नव्हती म्हणून.
अनीस बारा वर्षांचा. गालियाने त्याच्या कानांत
कणकेचे गोळे घातले.
आणि मी, ‘ला’ लिहिणारा मी,
विमानं मागितली.
ज्या ज्या देशाचं नाव आठवलं त्याच्याकडे मागितली.
पहाटे ती आली.
गच्चीवर उभा राहून मी आनंदाने रडलो.
हे मी लपवत नाही. ती आली नसती
तर तुझ्याशी बोलायला मी उरलो नसतो.
पुढचं ऐकण्याआधी हे ध्यानात ठेव.

मग आभार लिहिले, तीन भाषांत.
फ्रेंचमधला एक शब्द चुकला,
नेमका त्याचाच फोटो जगभर गेला.

पाहुणे आले. जाकिटांना खिसेच खिसे.
एकाने कागद पुढे केला: तुम्हाला काय हवं, खूण करा.
म्हटलं, दुकानापुढचं गटार तुंबलंय.
तो रकाना नव्हता.

पेट्याही आल्या. रात्रीच्या, बंदरावरून.
आयुष्य अक्षरांत गेलंय माझं,
छाप्याची घडण बघून मुलूख ओळखतो मी.
त्या पेट्यांवरचं देशाचं नाव पटाशीने खरवडलेलं होतं,
आकडे तेवढे ठेवले होते.
त्यातल्याच एका पेटीतली अनीसच्या हाती आली.
तोवर पंधरा पूर्ण झाली होती त्याला.

नंतर नुसत्या पाट्या.
ही ब्रिगेड, ती कौन्सिल, कुणाची ढाल, कुणाची तलवार,
प्रत्येकाला कालच्यापेक्षा हातभर मोठी हवी.
एकाच भिंतीवर इतके थर चढवले
की पोपडा निघतो तो बोटाएवढा जाड.
तळाशी अजून जुन्या राजवटीचा हिरवा आहे.

माझे आजोबा इटालियनांच्या तारेच्या छावणीत होते.
ते राज्य बुडालं, पण चौकातल्या सिग्नलला
आम्ही अजून ‘सिमाफरो’च म्हणतो.
ते निदान शब्द तरी ठेवून गेले.
हे ठेवून गेले बाजाराचं छप्पर,
त्यातून आता चांदण्या मोजता येतात.
आणि गेले तरी कुठे म्हणा!
बसलेत आपापल्या राजधान्यांत, उंटावर.
शेळ्या आम्ही.

काय म्हणालास? मग माणसं मरू द्यायची?

नाही रे.
त्याचं उत्तर मला ठाऊक असतं
तर या डब्यात ब्रश बुडवत बसलो असतो?

गालियाने ती चादर किती वेळा उकळली.
बाकी सगळं धुऊन गेलं. ‘ला’ राहिला, फिकट.
अनीस गेल्यापासून ती त्याच्याच गादीवर असते.
रोज झटकते, पुन्हा तशीच घालते,
‘ला’ उशीकडे.

चल, ते टोक धर. ताण.
अजून ताण, सुरकुतीत शब्द मोडतो.
आणि मापाचं सांग लवकर,
रंग सुकायला लागलाय.